गळाची पेटी : साहित्याची निवड, मांडणी आणि मोजदाद

बेंगळुरूच्या वायव्येस अर्कावती नदीवर १८९४ साली बांधलेला हेसरघट्टा तलाव एके काळी शहराला पिण्याचे पाणी पुरवीत असे. आज या तलावाच्या परिसरात गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीवर काम करणारी केंद्रे आहेत. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेचे प्रादेशिक केंद्र येथेच आहे आणि कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मत्स्य संशोधन व माहिती केंद्रही येथेच आहे. हीच अर्कावती पुढे कनकपुऱ्याच्या दक्षिणेस संगम या ठिकाणी कावेरीला मिळते. कावेरीचा तो पट्टा महसीर माशासाठी आणि त्याच्यामागे गळ घेऊन येणाऱ्या शौकिनांसाठी जगभर ओळखला जातो. एका टोकाला शेतकऱ्याचे तळे, दुसऱ्या टोकाला वाहती नदी. दोन्हीकडे गळ तोच. मराठीतील ‘गळ’ आणि कन्नडमधील ‘गाळ’ यांचे नाते तर कानालाच कळते.

बेंगळुरूच्या आसपास काही खासगी तळ्यांवर शुल्क घेऊन गळ टाकू दिला जातो. महाराष्ट्रातील कृषी पर्यटन केंद्रांवरही शेततळ्याच्या काठी पाहुण्यांच्या हाती काठी देण्याची पद्धत दिसू लागली आहे. या व्यवसायाचा विचार करताना शेतकरी मत्स्यबीज, खाद्य व निवास यांचा हिशेब नीट मांडतात. गळाच्या साहित्याकडे मात्र खेळणे म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात तळ्याचे अस्तर, माशांचे आरोग्य आणि काठावर उभ्या असलेल्या माणसाचा जीव या तिन्ही गोष्टी त्या लहानशा पेटीतील वस्तूंवर अवलंबून असतात.

पेटी कशी असावी

गळमासेमारीसाठी खास बनविलेल्या महागड्या पेट्या बाजारात मिळतात. शेततळ्याच्या कामासाठी हार्डवेअरच्या दुकानातील, पाने-पकडी ठेवण्याची, वर उचलता येणारा एक कप्पा असलेली प्लॅस्टिकची पेटी पुरेशी असते. लोखंडी पेटी टाळावी; ओल्या हातांनी हाताळताना ती पहिल्याच पावसाळ्यात गंजू लागते व गंज गळांनाही लागतो. झाकण पारदर्शक असल्यास उत्तम, कारण काठावर शोधाशोध करताना पेटी कलंडते आणि गळ गवतात सांडतात. गवतात सांडलेला गळ पुढे जनावराच्या तोंडात किंवा अनवाणी पायात सापडतो.

पेटीचा आकार मुद्दाम लहान निवडावा. मोठी पेटी रिकामी राहत नाही. ती भरण्यासाठी माणूस वस्तू विकत घेतो आणि मग हवी ती वस्तू वेळेवर मिळत नाही. साहित्याची विभागणी माशांच्या जातींनुसार करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. ज्याच्याकडे दहा प्रकारच्या पाण्यांवर जाण्याइतका वेळ आहे त्याला तो ठीक आहे. शेतकऱ्याने विभागणी वस्तूच्या अवस्थेनुसार करावी: वरच्या कप्प्यात कोरडे व न वापरलेले गळ आणि फिरक्या; खालच्या भागात पकड, कात्री, मोजपट्टी, काटा अशी औजारे; आणि वापरून ओले झालेले गळ ठेवण्यासाठी घट्ट झाकणाची वेगळी डबी. ओला गळ कोरड्या गळांत परत ठेवू नये, हा एकच नियम पाळला तरी साहित्याचे आयुष्य कितीतरी वाढते. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या, ओलावा शोषणाऱ्या पुड्या जपून ठेवून वरच्या कप्प्यात टाकाव्यात. मऊ रबरी आमिषे असतील तर ती त्यांच्या मूळ पिशवीतच राहू द्यावीत. काही प्रकारच्या प्लॅस्टिकला ती चिकटतात व कप्प्याचा तळ वितळल्यासारखा होतो.

पेटी मोटारीच्या मागच्या काचेखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नये. नायलॉनचा तंगूस ऊन खाऊन कमकुवत होतो आणि बाहेरून मात्र नव्यासारखाच दिसतो.

गळाची निवड

गळाला चार भाग असतात: दोर बांधण्याचे नेढे, सरळ दांडी, वाक आणि टोक. टोकाच्या आतल्या बाजूस उलटा काटा असतो; मासा सुटू नये हा त्याचा हेतू. गळांच्या क्रमांकांची पद्धत नवख्या माणसाला गोंधळात टाकते. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, म्हणजे १० क्रमांकाचा गळ ६ क्रमांकापेक्षा लहान असतो. १ क्रमांकापर्यंत ही उतरण चालते. त्यापुढे १/०, २/०, ३/० असे लिहिले जाते आणि तेथून मात्र आकडा वाढेल तसा गळ मोठा होतो. दुकानदाराला नुसते ‘दोन नंबर’ सांगितले की २ मिळेल की २/० मिळेल हे त्याच्या समजुतीवर अवलंबून असते.

तिलापिया व लहान कार्प माशांसाठी ८ ते १०, रोहू, मृगळ व सायप्रिनससाठी ४ ते ६, मोठ्या तोंडाच्या कटल्यासाठी २ ते १/० आणि मरळसाठी १/० ते ३/० अशी साधारण निवड पुरते. सुरुवातीला यांपैकी दोनच आकार घ्यावेत. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ व सायप्रिनस तळाशी खातात हे मत्स्यशेतकऱ्याला ठाऊकच असते. गळ कोणत्या खोलीवर ठेवायचा हे त्यावरूनच ठरते. त्यामुळे तरंगा आणि गळ यांमधील दोराची लांबी बदलणे हे नवे गळ विकत घेण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

मासा परत पाण्यात सोडायचा असेल तर बिनकाट्याचा गळ वापरावा. तो वेगळा विकत घेण्याची गरज नाही. साध्या पकडीने उलटा काटा दाबून चपटा केला की काम होते. दोर ताणलेला ठेवला तर असा गळ सहसा सुटत नाही, आणि काढताना माशाच्या ओठाची चिरफाड होत नाही. टोक आत, दांडीच्या दिशेने वळलेला गोलाकार गळही चांगला. तो बहुधा माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात अडकतो आणि घशात उतरण्याचे प्रमाण कमी राहते. मात्र मासा ओढू लागताच काठीला हिसका देण्याची सवय असलेल्या माणसाच्या हातून गोल गळ रिकामा परत येतो. तेथे हळूहळू ताण द्यावा लागतो. तीन टोकांचा गळ शेततळ्यावर आणूच नये. त्याचे कारण पुढे येते.

अस्तर आणि मोजदाद

महाराष्ट्रातील बहुसंख्य शेततळी, विशेषतः द्राक्ष व डाळिंबाच्या पट्ट्यातील, प्लॅस्टिकच्या अस्तराची आहेत. या अस्तराची नेहमीची जाडी ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. उन्हाळ्यात बाग जगविण्यासाठी साठविलेले पाणी आणि तळाची माती यांच्यामध्ये एवढाच पडदा असतो. गळाचे टोक माशाच्या कठीण ओठात शिरावे म्हणून घासलेले असते. प्लॅस्टिकमध्ये शिरायला त्याला काहीच जोर लागत नाही. तळाशी वजन सोडून, दोर ताणून, अडकलेला गळ काठीने ओढून काढण्याची नदीवरची सवय अस्तरीत तळ्यावर आली की गळ अस्तरात रुततो आणि ओढताना लांब चीर पडते. छिद्र एका जागी असले तर पाणी हळू झिरपते. चीर उतारावर असेल तर खालच्या मातीचा भराव भिजतो, बसतो आणि अस्तरावर ताण येऊन ती आणखी वाढते.

म्हणून ज्या शेतकऱ्याकडे अस्तरीत आणि मातीचे अशी दोन्ही तळी आहेत त्याने पाहुण्यांसाठी मातीचेच तळे राखून ठेवावे. अस्तरीत तळ्यावर गळ टाकायचाच असेल तर एकच टोक असलेला बिनकाट्याचा गळ, तरंग्याखाली, तळापासून किमान हातभर वर राहील असा बांधावा. त्यासाठी तळ्याची खोली आधी मोजलेली असावी. तळाशी बसणारे वजन, ओढत आणायचे चकचकीत धातूचे आमिष आणि तीन टोकांचा गळ या तिन्हींना अशा तळ्यावर मज्जाव असावा.

येथेच पेटीच्या मांडणीचा खरा उपयोग दिसतो. गळ डबीत सुटे ठेवले तर किती नेले व किती परत आले हे कोणालाच सांगता येत नाही. जुन्या हवाई चपलेच्या तळव्याची दोन बोटे रुंद पट्टी कापून तिच्यावर वीस चिरा द्याव्यात, चिरांना क्रमांक घालावेत आणि प्रत्येक चिरेत एक गळ टोचावा. थर्माकोल वापरू नये. ते भुगा होऊन तळ्यात जाते. तळ्यावर जाण्यापूर्वी पट्टी भरलेली असावी, परतताना पट्टी व ओल्या गळांची डबी मिळून वीसच भरले पाहिजेत. शस्त्रक्रियेनंतर टाके घालण्यापूर्वी परिचारिका जशी कापसाचे बोळे मोजते तसाच हा प्रकार. एक कमी भरला तर तो कोठे तुटला, कोणत्या काठापासून किती अंतरावर, याची नोंद त्याच क्षणी करावी. दोन दिवसांनी आठवण राहत नाही.

गळ हरवला म्हणजे अस्तर फाटलेच असे नव्हे. तो माशाच्या तोंडातही असू शकतो. अशा वेळी तळ्यातील मोजपट्टीवर पाण्याची पातळी रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, आठवडाभर लिहावी. उन्हाळ्यात बाष्पीभवनानेच पातळी रोज काही मिलिमीटर उतरते, म्हणून शेजारच्या दुसऱ्या तळ्याची किंवा उघड्यावर ठेवलेल्या पसरट भांड्यातील घट सोबत मोजावी. तळ्याची घट सातत्याने अधिक असेल तर संशय खरा धरावा. दुरुस्तीसाठी पाणी त्या जागेखाली उतरवून, अस्तर कोरडे व स्वच्छ करून, त्याच प्रतीच्या प्लॅस्टिकचे ठिगळ उष्णतेने जोडून घ्यावे लागते. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबणे धोक्याचे आहे.

अस्तरीत तळ्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो. त्यात पडलेल्या पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही, आणि असे मृत्यू दरवर्षी होतात. मासा ओढताना माणसाचे सारे लक्ष पाण्याकडे असते व पाय नकळत पुढे सरकतो. काठावर पक्क्या खुंटाला बांधून पाण्यात सोडलेला गाठीचा दोर आणि हवा भरलेली ट्यूब असल्याशिवाय कोणालाही काठी देऊ नये. लहान मुले कुंपणाच्या आत एकटी नसावीत. या वस्तू पेटीत मावत नाहीत, पण पेटी उघडण्याआधी त्या जागेवर आहेत हे पाहणे हे पेटी सांभाळणाऱ्याचेच काम आहे.

काठी, दोर, वजन

बांबूची सरळ काठी शेततळ्यासाठी अजूनही उत्तम. विकतच्या काठ्यांत काचतंतूच्या काठ्या मजबूत व स्वस्त, कार्बनच्या काठ्या हलक्या. कार्बन विजेचा वाहक आहे, ही गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो. शेततळ्यांवरून किंवा पंपाच्या जोडणीसाठी काठाजवळून तारा गेलेल्या असतात. तीन-चार मीटरची काठी मागे उगारली की ती सहज तेथवर पोहोचते. तारांखाली गळ टाकण्यास पूर्ण बंदी असावी, काठी कशाचीही असो. ओला बांबूही सुरक्षित नसतो.

तंगूस पाव मिलिमीटरपासून एक-तृतीयांश मिलिमीटर जाडीचा असला तर शेततळ्यातील बहुतेक माशांना पुरतो. दर हंगामाच्या सुरुवातीला गळाजवळचा दोन-तीन मीटर दोर बोटांच्या चिमटीतून ओढून पाहावा. खरखरीत लागला तर तेवढा कापून टाकावा. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापते व तेथेच दोर तुटतो. मासा सुटून गेला आणि दोराचे टोक डुकराच्या शेपटीसारखे गुंडाळलेले परत आले तर दोर तुटलेला नसून गाठ सरकलेली आहे, असे समजावे. टोक सरळ तुटले असेल तर दोर जुना झाला आहे. कापलेले तुकडे पेटीतील एका बाटलीत जमा करावेत. काठावर टाकलेला तंगूस बगळ्यांच्या व पाणकावळ्यांच्या पायांत गुंततो.

शिशाच्या गुळ्यांविषयी येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. दोरावर दाताने दाबून शिसे बसविण्याची सवय सर्वत्र आहे. ती मुलांसमोर तरी नसावी. शिसे विषारी आहे. पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात व त्यांसोबत शिशाच्या गुळ्याही गिळतात. इंग्लंड व वेल्समध्ये हंसांच्या विषबाधेमुळे १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. तळ्यावर बदके किंवा काठावर कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला हा धोका दूरचा नाही. लहान लोखंडी नट किंवा गुळगुळीत खडा दोरात बांधला तरी काम भागते.

आमिष

आमिषाचा विषय नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोद या नावाचा भाग आहे आणि त्यात माशांचे प्रकार, त्यांना चारा घालणे आणि गळाने धरणे यांचे वर्णन येते. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. जुन्या मराठीतील ओळी जपणारा ग्रंथ म्हणून मराठी अभ्यासकांना तो परिचित आहे. मत्स्यशास्त्रज्ञांनाही तो तितकाच परिचित असावा.

कावेरीवर महसीरसाठी रागीचा गोळा वापरतात. नाचणीचे पीठ उकळत्या पाण्यात शिजवून, घट्ट मळून, गळाभोवती लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा वळला जातो. काही जण त्यात बडीशेप किंवा अन्य सुवासिक मसाला घालतात. शेततळ्यावर सायप्रिनस व रोहूसाठी हाच गोळा बोराएवढा करावा, किंवा कणकेत शेंगदाण्याची पेंड मिसळावी. माशांना रोज ज्या पेंडीची सवय आहे तिचाच वास आमिषाला असला तर वेगळ्या युक्त्यांची गरज उरत नाही. आमिष पेटीत ठेवू नये. त्याचा डबा वेगळा, आणि घरी आल्यावर रिकामा. पेटीत राहिलेल्या पेंडीला मुंग्या येतात व उंदीर कप्पे कुरतडतात.

जिवंत आमिष म्हणून एका पाण्यातील लहान मासे दुसऱ्या पाण्यावर नेऊ नयेत. त्या बादलीतून नको असलेल्या जाती, उवा आणि रोगजंतू प्रवास करतात. आफ्रिकन मागूर माशाच्या संवर्धनावर देशात बंदी आहे. तो एकदा तळ्यात शिरला की मत्स्यबीज राहत नाही.

मासा हाताळण्याची औजारे

लांब चोचीची पकड, गाठी नसलेल्या मऊ जाळीचे हातजाळे, ओले करून पसरायचा प्लॅस्टिकचा गुळगुळीत कागद, वजनकाटा, मोजपट्टी. एवढे साहित्य पुरे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर ही त्याची रोगापासूनची ढाल आहे. कोरड्या हाताने, फडक्याने किंवा गवतावर आपटून ती निघून गेली की त्या जागी जंतू व बुरशी शिरते. हिवाळ्यात अशा माशांच्या अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. हात ओले करूनच मासा धरावा, गळ शक्यतो पाण्यातच काढावा. गळ घशात गेला असेल तर ओढू नये. दोर तोंडाजवळ कापून मासा सोडून द्यावा. मोजदादीत तो गळ ‘माशात’ असा लिहावा. उन्हाळ्यात दुपारी आणि पहाटे, म्हणजे पाणी तापलेले असताना किंवा पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असताना, गळ टाकणे बंद ठेवावे.

व्यावसायिक साठा असलेल्या तळ्यात ‘पकडा आणि सोडा’ ही पद्धत वाटते तितकी निरुपद्रवी नाही. तेच मासे पुन्हा पुन्हा गळाला लागतात, तोंडाच्या जखमा चिघळतात आणि खाणे मंदावते. शुल्काच्या तळ्यावर ‘पकडला तो वजनाने विकत घ्यावा’ हा नियम शेतकऱ्यालाही परवडतो आणि माशालाही बरा.

गळाने पकडलेल्या माशांवरून साठ्याचे सरासरी वजन काढून खाद्याचे प्रमाण ठरवू नये, हेही विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावे. गळाला धीट, भुकेला आणि बहुधा मोठा मासा आधी लागतो. त्याच्या वजनावर हिशेब केला तर खाद्य जास्त पडते व पाणी बिघडते. महिन्याच्या तपासणीसाठी पाग टाकणेच योग्य.

माणसाच्या बोटात गळ रुतला तर काटा असलेला गळ उलट ओढू नये. बाहेर राहिलेला दोर कापून डॉक्टरांकडे जावे व धनुर्वाताची लस घेतली आहे का ते पाहावे. डोळ्याजवळ लागल्यास हात न लावता थेट रुग्णालय गाठावे. पेटीत साधा पारदर्शक चष्मा ठेवला तर ती वेळ बहुधा येत नाही.

एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना हातजाळे, तरंगे व पेटीचा खालचा भाग धुऊन किमान एक दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवावा. माशांची ऊ कठीण पृष्ठभागावर अंडी घालते. ओल्या जाळ्यातून ती पुढच्या तळ्यात पोहोचते. औषधाच्या खर्चाच्या तुलनेत ऊन फुकट आहे.

वही

पेटीतील सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली वही आणि शिसपेन्सिल. शाई ओल्या हातांनी फुटते. या वहीचे मोल काय असू शकते हे कावेरीवर दिसून आले.

बेंगळुरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेने कावेरीचा काही पट्टा भाडेपट्ट्याने घेऊन तेथे सुरुंगाने होणारी मासेमारी रोखली आणि पकडलेला महसीर परत सोडण्याची शिस्त रुजविली. गलिबोरे येथील शिबिरात येणाऱ्या शौकिनांचे तास व त्यांनी पकडलेले मासे यांच्या नोंदी ठेवल्या जात. १९९८ ते २०१२ या काळातील २३ हजारांहून अधिक तासांच्या व सहा हजारांहून अधिक महसीरांच्या या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण आकडे पाहता चित्र आनंदाचे होते. ताशी पकडले जाणारे मासे वाढत होते. परंतु नोंदींत पंखांच्या रंगावरून दोन प्रकार वेगळे लिहिलेले होते. त्यांप्रमाणे हिशेब मांडल्यावर दिसले की वाढ निळसर पंखांच्या महसीरची होती. नारिंगी पंखांचा, पाठीवर उंचवटा असलेला कावेरीचा मूळचा कुबडा महसीर झपाट्याने कमी होत होता, आणि जे थोडे मिळत ते मोठे, वयस्क मासे होते. पिल्ले येईनाशी झाली होती.

निळसर पंखांचा मासा मराठी वाचकाला परका नाही. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी मुळा-मुठेच्या पाण्यातून ज्याचे वर्णन केले तोच हा दख्खनचा महसीर. लोणावळ्याच्या टाटा कंपनीच्या केंद्रात कृत्रिम प्रजननाने त्याची पिल्ले मोठ्या संख्येने तयार झाली व महसीर वाचविण्याच्या सद्हेतूने १९७०च्या दशकापासून कावेरीतही सोडली गेली. आपल्या नद्यांत ज्या कामाने महसीर टिकला, तेच काम दुसऱ्या नदीत मूळच्या माशाच्या मुळावर आल्याची शक्यता या वहीमुळे समोर आली. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा मासा धरला तो कावेरीच्या याच खोऱ्यात. अशा प्रचंड माशाला स्वतःचे नक्की शास्त्रीय नाव २०१८ मध्ये मिळाले, टॉर रेमादेवी. आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त प्रजातींमध्ये केला. दरम्यान, कावेरी वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीतील गळमासेमारीची शिबिरे वन्यजीव कायद्यामुळे २०१० नंतर बंद झाली, आणि त्यांच्यासोबत नोंदींचा तो सलग प्रवाहही आटला. त्या पट्ट्यात आज गळ घेऊन जाता येत नाही. बेंगळुरूच्या शहरी तलावांवरही परवानगीशिवाय गळ टाकू नये. तेथील मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा परवान्याने दिलेले असतात.

शेततळ्याच्या वहीत पुढील रकाने पुरतात: तारीख, सुरुवात व शेवटची वेळ, काठ्यांची संख्या, आमिष, माशाची जात, लांबी, वजन, सोडला की ठेवला, आणि परत आलेले गळ. तीन काठ्या चार तास चालल्या तर बारा काठी-तास होतात. त्यांत सहा मासे आले तर ताशी अर्धा मासा. हा आकडा महिन्यामागून महिना उतरत असेल तर साठा कमी झाला आहे, पाणी बिघडले आहे किंवा मासे गळाला सरावले आहेत. कोणते, ते पागेने तपासता येते. एकही मासा न मिळालेला दिवस बहुतेक जण लिहीत नाहीत. तो लिहिला नाही तर ताशी आकडा खोटा ठरतो, म्हणून शून्यही तासांसह लिहावे. जात ओळखता आली नाही तर अंदाजाने नाव न लिहिता पंखांचा रंग, मिशा आहेत की नाहीत आणि खवल्यांचा आकार लिहावा आणि मोजपट्टीशेजारी ठेवून एक छायाचित्र घ्यावे.